सव्वाशे पौंड

रोझेनफेल्ड, कॅन्सस
बुधवार, २ एप्रिल

प्रिय नेओमा,

पाकिटावरचं माझं वाकडंतिकडं अक्षर ओळखून तू हे पत्र फ्रीजवर टाकलं असशील आणि दोन दिवस तिकडे न बघण्याचं सोंग केलं असशील. ओळखते मी तुला. पहिलीच्या वर्गात माझा लाल रंगखडू मोडलास, तेव्हा ‘चुकलं’ म्हणायला तुला आठवडा लागला होता. मला अडीच महिने लागलेत, म्हणजे हट्टीपणात मी तुझ्या चार पावलं पुढेच. असो. उघडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. मध्येच ‘हिला नेमकं म्हणायचंय काय’ असं वाटून कंटाळलीस तर कॉफी करून घे आणि परत बस. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला काही नवीन नाही.

जुळी कशी आहेत? तुझ्या लेकीने चर्चच्या मंडळीच्या पत्रकासाठी फोटो पाठवला होता. दोघांची टकलं बघून मला थेट तुझे वडील आठवले. नेब्रास्काची हवा तुला मानवतेय असंही कानावर आलं. इथे वारा तोच आहे, गहू वीतभर वर आलाय, पाऊस मात्र अजून हात राखून पडतोय. शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्या जागी तात्पुरती आलेली बाई जे करते ते सूप की भांडी विसळलेलं पाणी, यावरून पोरांमध्ये दोन पक्ष पडलेत. बाकी सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, आणि खोटं बोलून बोलून मला आता कंटाळा आलाय.

कुस्तीच्या राज्य स्पर्धेत काय झालं ते तुला त्याच दिवशी कळलं असणार. आपल्या मंडळीतल्या बायकांच्या पोटात काही राहत नाही. पण निकाल कळणं वेगळं आणि तिथे असणं वेगळं. तू त्या गादीच्या कोपऱ्यात माझ्या शेजारी असायला हवी होतीस. का नव्हतीस ते तुला ठाऊक, मला ठाऊक आणि आपल्या सहा पोरींना ठाऊक. गावाला मी सांगितलं की नेओमा लेकीच्या बाळंतपणाला गेली. तू गेलीसही. पण ठरलं होतं त्याच्या सहा आठवडे आधी गेलीस आणि रडत गेलीस, हे मी कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते आठवून मला एकटीलाच हसू येतं. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, मुलींच्या कुस्तीला कुणी प्रशिक्षक होईल का, आणि खोलीतले सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागले. मी हात वर केला, कारण तीन भावांबरोबर गवताच्या माळ्यावर मी लहानपणी जेवढी आपटलेय, तेवढं त्या खोलीतलं कुणी आपटलं नव्हतं. तू हात वर केलास, कारण मी केला होता. ‘मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही,’ तू म्हणालीस, ‘पण पोरींना कुणीतरी खायला घालायला पाहिजे.’ मग आपल्या मंडळीचे सेवक, डिकन एल्डो श्राग, लालबुंद होऊन आले. ‘युद्ध नको, बंदूक नको म्हणून आपले पणजोबा रशियातली घरंदारं सोडून इथे आले, आणि तुम्ही दोघी मेनोनाइट पंथाच्या लेकींना माना पिरगाळायला शिकवणार?’ तू एप्रनला हात पुसत म्हणालीस, ‘एल्डो, शास्त्रातला तो माणूस पहाटेपर्यंत देवाच्या दूताशी झोंबला, मांडीचा सांधा निखळला तरी आशीर्वाद घेतल्याशिवाय त्याने सोडलं नाही. त्याला कुणी मंडळीतून काढल्याचं मी तरी वाचलेलं नाही.’

आणि मग तिर्झा आली. तिर्झा फोथ, चर्चच्या गायनात मागच्या ओळीत उभी राहून खालच्या पट्टीत गाणारी, कुणी नाव विचारलं तरी कानापर्यंत लाल होणारी. गादीवर पाय ठेवला की हीच पोरगी समोरच्या मुलीचे दोन्ही पाय ओढून दुहेरी पट असा काढायची की तू डोळे झाकायचीस. यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. रोझेनफेल्डला कुस्तीत राज्याचं पहिलं बक्षीस आजवर कुणी आणलेलं नव्हतं, ना मुलांनी ना मुलींनी, आणि तिला ते आणायचं होतं. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही. पण सरावाआधी सगळ्याजणी गुडघ्यावर बसून प्रार्थना करायच्या, तेव्हा तिचे ओठ हलायचे आणि मला कळायचं ती काय मागतेय.

डिसेंबरमध्ये काय झालं ते तू पाहिलंस. सव्वाशे पौंडांच्या गटात तिची गाठ मॅरिसोल क्विंटानाशी पडली. पश्चिमेच्या मांस-कारखान्यांच्या गावातली ती पोर, दोन वर्षं एकही कुस्ती न हरलेली. चाळीस सेकंदांत आपली तिर्झा चारी मुंड्या चीत. तू तिला पाणी द्यायला धावलीस, आणि मी तिथेच उभी राहून मनात हिशेब मांडला. पाच-सहा पौंड कमी केले तर ही एकशेवीसच्या गटात बसेल. त्या गटात मॅरिसोल नसेल. म्हणजे बक्षीस आपलं. नियमात बसत होतं, किती वजन उतरवता येईल त्या डॉक्टरच्या कागदात बसत होतं, वजनकाट्याला काही आक्षेप नव्हता. फक्त ते पळून जाणं होतं आणि मी त्याला दुसरं नाव दिलं.

नाव दिलं ‘उपास’. हे मात्र आपल्यासारख्याच लोकांना सुचतं बघ. दुसऱ्या एखाद्या शाळेतल्या प्रशिक्षकाने सरळ सांगितलं असतं, वजन उतरव, पदक मिळेल. मी देवाला मध्ये घातलं. तिर्झाला म्हटलं, आत्मसंयम हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, प्रत्येक घास सोडशील तो प्रभूसाठी सोडतेयस असं समज. बिचारीने तसंच समजलं. नवीन वर्षाच्या दिवशी तिच्या आजीने मनुका घातलेले तळलेले गोळे केले, साखरेत घोळवून ताटभर मांडले, आणि ही पोरगी एक न खाता चुलीपाशी उभी राहून सगळ्यांना वाढत होती. आजीला वाटलं पोटात दुखतंय. दोन-दोन स्वेटर घालून जिने चढायची-उतरायची, नि मी खाली घड्याळ धरून उभी. मला तिचा अभिमान वाटत होता. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा अभिमानच वाटत होता.

त्यात मंगळवार आला. आमची प्रशिक्षकांची सकाळची बैठक तुला माहीत आहे, धान्यगोदामाशेजारच्या हॉटेलात सहाला जमायचं, आसपासच्या शाळांचे दहा-अकरा प्रशिक्षक, कॉफी, दालचिनीचे रोल, एक वचन, आणि दर आठवड्याला एकाने एक गुण शिकवायचा, धीर, नम्रता, सचोटी, असं काही. जानेवारीत माझी पाळी होती आणि माझ्या वाट्याला आत्मसंयम आला होता. मी तिर्झाची गोष्ट सांगितली. काय रंगवून सांगितली म्हणतेस. मुलांच्या बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने डोळे पुसले. दोघांनी तर त्या धड्याची प्रत मागितली. परतताना गाडीत मी स्तोत्र गुणगुणत होते, आणि त्याच सकाळी तिर्झा न्याहारीला एक उकडलेलं अंडं खाऊन शाळेत आली होती.

गुरुवारचं तुला मी सांगायचं म्हणजे अतीच झालं, पण मला ते लिहायलाच हवं, नाहीतर हे पत्र म्हणजे नुसती बातमीदारी होईल. तुझ्या स्वयंपाकघरात तिचं ताट रोज भरलेलंच परत येत होतं ते तुझ्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी तिने तुला विचारलं, ‘नेओमाकाकू, भूक लागली की पाप लागतं का हो?’ आणि तू भाजी चिरायची सुरी खाली ठेवलीस. बूट न काढता थेट गादीवर आलीस, हातात घेवड्याच्या सूपाचा वाडगा, त्यावर पाव. तिच्यासमोर ठेवलास आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, ‘व्हर्डा, तू या पोरीला उपाशी मारतेयस आणि वर आमेन म्हणतेयस. उपास देवासाठी असतो, काट्यासाठी नसतो.’ मी काय म्हणाले ते मी विसरलेली नाही. ‘स्वयंपाकिणीने स्वयंपाकघरात राहावं. सरावखोलीची किल्ली ठेव आणि जा.’ पंचावन्न वर्षांची मैत्री, आणि मी तुला स्वयंपाकीण म्हणाले. तू किल्ली वाडग्याशेजारी ठेवलीस. सूप गार झालं. कुणी प्यायलं नाही. नंतर मीच ते बाहेर ओतून आले, कुणी बघत नाही ना ते बघून.

तू गेल्यावर दोन आठवडे मी स्वतःला पटवत राहिले की शिस्त म्हणजे शिस्त. पोरी सराव करायच्या पण खोलीत हसणं बंद झालं होतं. मग एका सोमवारी सरावाआधी आम्ही गुडघ्यावर बसलो आणि प्रार्थनेची पाळी तिर्झाची होती. तिने आधी सगळ्यांच्या आईवडिलांसाठी मागितलं, मग तुझ्यासाठी, तुझ्या लेकीसाठी. आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, ‘प्रभू, मला भूक लागते म्हणून मला क्षमा कर.’ आणि बाकीच्या पाचजणी म्हणाल्या, ‘आमेन.’ रोजच्यासारखं, सहज.

नेओमा, तीस वर्षं मी शाळेत पोरींना शिकवलंय. कुणाचा पाय मोडला, कुणाचा बाप गेला, सगळ्यांतून निभावून नेलं. पण ते ‘आमेन’ मला ऐकवलं नाही. मी त्या मुलीला शिकवलं होतं काय, तर देवाने दिलेल्या भुकेबद्दल देवाचीच माफी मागायला. सराव तिथेच थांबवला, सहाही जणींना गाडीत घातलं आणि माझ्या घरी आणलं. हात धुऊन पीठ मळायला घेतलं. पिठाच्या पारीत चीज भरून उकडलेले व्हेरेनिके, वर मलईचा दाट रस्सा, तुझ्यासारखे नाहीत, दोन फुटले, तरी झाले. वाढायच्या आधी मी टेबलाच्या टोकाला उभी राहिले आणि म्हणाले, ‘तिर्झा, मी चुकले. तो उपास नव्हता. मला त्या मॅरिसोलची भीती वाटत होती आणि ती भीती मी देवाच्या नावावर खपवली. नेओमाकाकूंचं बरोबर होतं.’

तुला वाटेल ती रडली आणि माझ्या गळ्यात पडली. कसलं काय. ती पांढरीफटक पडली आणि म्हणाली, ‘म्हणजे सहा आठवडे मी कशासाठी उपाशी राहिले, कोच? तुम्हाला भीती वाटत होती म्हणून?’ मी म्हटलं, हो. तिने खुर्ची मागे सारली, कोट घातला आणि दीड मैल वाऱ्यात चालत घरी गेली. बाकीच्या पाचजणींतली सगळ्यात धाकटी म्हणाली, ‘कोच, आम्ही खाल्लं तर चालेल का?’ आणि त्यांनी सगळं संपवलं. तिच्या वाट्याचं मी डब्यात भरून तिच्या आईकडे पोचवलं. आईने डबा घेतला, मला आत बोलावलं नाही. बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी जाणार नव्हते, पण गेले. ज्याची पाळी होती त्याला म्हटलं, आज मला दोन मिनिटं दे. आणि उभी राहून सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी मी इथे जे शिकवलं ते खोटं होतं, ज्यांनी प्रत घेतली त्यांनी ती चुलीत घालावी. आपण मुलांना देवाच्या नावाने जे जे सांगतो, त्यातलं किती देवाचं आणि किती आपल्या पदकाच्या हावेचं, हे आधी घरी जाऊन तपासावं, मी तपासलं नाही. मग मुलांच्या कुस्तीचा तो धिप्पाड गोअरिंग, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, ‘माझ्याकडे दोघे आहेत तसे.’ एवढंच म्हणाला आणि उठून फोन करायला बाहेर गेला. त्या दिवशी ठरलेला धडा झालाच नाही, पण आठपर्यंत बाकी कुणी जागचं हललं नाही.

तिर्झा दोन दिवस सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, गालांवर जरा रंग होता, हातात तो माझा डबा, धुतलेला. सगळ्यांसमोर म्हणाली, ‘कोच, मी सव्वाशेत खेळणार.’ मी तिला समजावलं की आता हे तुझ्या हातात आहे, एकशेवीसमध्ये राहायचं तर डॉक्टरांना विचारून, पोटभर जेवून जेवढं बसतं तेवढंच. सव्वाशेत मात्र मॅरिसोल आहे, शेवटचं वर्ष आहे, हरलीस तर पुढचं साल नाही. ती म्हणाली, ‘मला माहितीय. मला तीच हवीय. आणि मी जेवून खेळणार.’ मग तीन आठवडे ती जेवली. तिच्या आजीने तर सूडच उगवला, नवीन वर्षाचे राहिलेले सगळे गोळे फेब्रुवारीत तळले. सरावात माझ्यावरचा राग तिने माझ्यावरच काढला. डाव दाखवायला मी समोर उभी राहायची आणि ती मला असं आपटायची की माझी पाठ अजून बोलते.

विभागीय स्पर्धा तिने सहज काढली आणि राज्याच्या स्पर्धेतही शनिवारपर्यंत तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत आली. समोर अर्थातच मॅरिसोल. गादीच्या कोपऱ्यात प्रशिक्षकांसाठी दोन खुर्च्या असतात. मी एका खुर्चीवर बसले. तिथला माणूस दुसरी उचलायला आला, म्हणाला, ‘दुसरे कोच नाहीत ना?’ मी म्हटलं, ‘आहेत. राहू दे.’ त्याने राहू दिली. मला तिकडे बघवत नव्हतं आणि ती उचललेलीही चालली नसती.

आता नीट ऐक. पहिल्या फेरीत मॅरिसोलने पट काढला आणि ताबा घेतला, तीन गुण तिचे. पण तिर्झाची पाठ टेकली नाही. डिसेंबरमध्ये चाळीस सेकंद टिकली होती, इथे पूर्ण दोन मिनिटं टिकली. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला खाली बसायची पाळी तिर्झाची होती, ती खालून सुटली, एक गुण. तिसरीत ती पाळी मॅरिसोलची होती. तिर्झाने तिला जवळजवळ मिनिटभर दाबून धरलं, मग ती सुटली, तिलाही एक गुण. चार-एक. पन्नासएक सेकंद राहिले होते, आणि तेव्हा मला ते दिसलं. मॅरिसोल दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घेत होती. आणि आपली पोरगी सरळ उभी होती. नेओमा, तिच्यात दम होता. पोटात अन्न होतं, पायात जोर होता. मी ओरडले, ‘जा पुढे.’ आणि मागून, तिसऱ्या ओळीतून कुणीतरी माझ्या दुप्पट आवाजात ओरडलं, ‘मान धर तिची! मान!’ वळून बघितलं तर बियाणं-कंपनीची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून बाकावर उभे आपले डिकन एल्डो श्राग, आणि बायको त्यांची बाही ओढून खाली बसवतेय.

तिर्झाने मान धरली. दुसऱ्या हाताने तिचा दंड कवळला, कंबर आत घातली आणि मॅरिसोलला कमरेवरून असं उचलून टाकलं की सगळं प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. मॅरिसोल पुलासारखी वाकली, मानेवर तोलून धरलं तिने, काय जिगर त्या पोरीची. पण तिर्झा तिच्या छातीवर पडून राहिली, डोळे मिटून, आणि हळूहळू एक खांदा टेकला, मग दुसरा. पंच पोटावर पालथा पडून बघत होता. मग त्याने गादीवर हात आपटला. घड्याळात अकरा सेकंद शिल्लक होते. चीतपट. दोन वर्षांत एकदाही न हरलेली मॅरिसोल क्विंटाना चीत, आणि रोझेनफेल्डच्या पोरीचा हात पंचाने वर धरलेला. मी त्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून ढसाढसा रडले. आपल्या पाचही जणी कठडा ओलांडून आल्या, त्यांना कुणी अडवलं नाही, आणि वर आपली अख्खी मंडळी कुणी न सांगता स्तोत्र गायला लागली, चारही पट्ट्यांत. पलीकडच्या गावांचे लोक बघतच राहिले. खालच्या पट्टीतला एक आवाज कमी होता, कारण ती खाली गादीवर होती.

ती वर येईचना. मॅरिसोल गुडघ्यांत डोकं घालून बसली होती आणि तिर्झा तिच्याशेजारी जाऊन बसली. नंतर तिने मला सांगितलं, मॅरिसोलने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे पुसले आणि विचारलं, ‘डिसेंबरनंतर तू गेलीस कुठे? प्रत्येक स्पर्धेत मी तुला शोधत होते. न घाबरता माझ्यावर चालून आलेली तू एकटीच होतीस.’ ऐकलंस? जिच्यापासून मी तिला पळवत होते, ती हिची वाट बघत होती. मला वाटलं आता तिर्झा माझ्याकडे येईल, मिठी मारेल. आली. मिठीही मारली, हाडं मोडतील अशी. आणि कानात म्हणाली, ‘माझं तर तुम्ही निस्तरलंत, कोच. काकूंचं कधी निस्तरणार?’ गळ्यात पदक घातलेल्या पोरीपुढे माझी मान खाली गेली. मी म्हटलं, लवकरच. त्याला आता पाच आठवडे होत आले.

आणि काल एल्डो आले. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आधी दरवर्षी घरोघरी येतात तसे, टोपी हातात घेऊन, नेहमीचा प्रश्न विचारायला, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे ना? मी नेहमीसारखं म्हटलं, आहे. त्यांनी वहीत खूण केली, कॉफीला नको म्हणाले आणि निघाले. गाडी फाटकापर्यंत गेली आणि मला काय झालं कोण जाणे, घरातल्या सपाता घालूनच मी चिखलातून मागे धावले. काचेवर हात मारून म्हटलं, ‘एल्डो, नाही. शांती नाही. ती खूण खोडा.’ आणि भर रस्त्यात सगळं सांगितलं, सूप, किल्ली, स्वयंपाकीण, बाळंतपणाची थाप, सगळं. त्यांनी खूण खोडली. म्हणाले, ‘तिला पत्र लिही. फोन करू नकोस, फोनवर तू वाद घालतेस.’ म्हणून हे पत्र. माझं चुकलं, नेओमा. सूप बरोबर होतं, तू बरोबर होतीस आणि मी तुला जे म्हणाले ते मला रोज ऐकू येतं. रविवारी मी उभी राहून मंडळीलाही हे सांगणार आहे, तू ये किंवा नको येऊस. पण ये. सतरा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी सहाला प्रभुभोजन आहे आणि नंतर चर्चच्या तळघरात, प्रभूने शिष्यांचे धुतले तसं, एकमेकींचे पाय धुणं. इतकी वर्षं आपलीच जोडी असते आणि दरवर्षी तूच आधी खाली बसून माझे धुतेस, मी नुसती पाय पुढे करते. यंदा खुर्चीवर तू बस. गुडघे टेकायला मला वेळ लागेल, उठायला त्याहून जास्त, तेव्हा हात दे. आणि ते घट्ट लांब मोजे घालून येऊ नकोस, ते उतरवण्यातच एक अख्खं स्तोत्र संपतं.

तुझीच, तळघरात पाणी कोमट करून थांबलेली,
व्हर्डा